धुतल्यावर आटते

कटिंग बिघडली म्हणून रडू नको गा, माझं ऐक. लॉकडाऊनमध्ये सलून बंद, केस कानाखाली उतरलेले, अन् दुसऱ्या दिवशी माझा ऑनलाइन इंटरव्ह्यू. मी चिडून म्हटलं, "भाजीवाला चालते, मंग सलूनवाला काहून नाही चालत?"

बाबा म्हणे, "बस इथं. सारी जिंदगी कैचीच चालवली मी."

गांधीबागेत आमचं कापडाचं दुकान, तेही बंदच होतं. त्यांचे हात शिवशिवून राहिले होते. त्यांनी दुकानातली मोठी कैची काढली, टेपनं कानापासून माप घेतलं अन् एका दमात सरळ कापत गेले.

आई पाहून म्हणे, "अवो, डावी बाजू तं लांबच राहिली!"

"राहू दे वं. थोडं जास्तीच ठेवा लागते. धुतल्यावर आटते."

मी आंघोळ करून आलो. डावी बाजू होती तेवढीच. मी आरशापुढं रडकुंडीला आलेलो, अन् बाबांनी पुन्हा टेप लावला, माझ्या डोक्यावरून हात फिरवला अन् आईले ऐटीत म्हणे, "पाह्य, सूतभरही आटलं नाही. आपला माल अस्सल आहे."