आबांनी बांधलेला हात

आमी मूळचे माळशिरसकडचे, मेंढरं राखणारी माणसं. लगीन झालं आन् मी हितं सोलापुरात आले, घरधनी अक्कलकोट रोडला एमआयडीसीत लूमवर, मग मी बी तितंच सुताच्या कांड्या भरायच्या मशीनवर लागले. काय सांगू तुमाला ताई, चांगलं चाललं व्हतं की, आन् एक दिस पट्ट्यात हात गेला. कोपराच्या खाली मांस फाटलं.

दवाखान्यात टाके घातले. टाके काढताना डॉक्टरीणबाई म्हनल्या, आता रोज बोटं उघडायची, मिटायची, दुखंल, रडू आलं तर रडा पन हलवा. मी आपली म्हायेरी गेले, चार दिस बसून खायला.

आमच्या आबांच्या, माज्या बापाच्या, हाताला लई गुण. मेंढराचा पाय मोडला की बांबूच्या कामट्या लावून असा बांधायचे, की मेंढरू परत कळपात पळायचं. मी बोटं हलवताना रडायला लागले तर आबांना बघवंना. म्हनले, हलवल्यावर कदी जुळलंय का काय? मी म्हनलं, आबा, हाड न्हाय मोडलं, मांस फाटलंय. म्हनले, एकच की. मूठ मिटवली, कामट्या लावल्या, वर धडपा गुंडाळला. खोटं कशाला बोलू, बांधल्यावर लई बरं वाटलं, ठणका थांबला, आई हातानं भाकरी भरवायची.

म्हयन्याभरानं सोडलं तवा जखम झ्याक बुजलेली. आबा हरकले. पन बोटं उघडंनात, तळव्यालाच लागलेली. पुन्हा दवाखान्यात गेले तर बाई म्हनल्या, जखम वरनं भरली तशी आतनं बी भरली, मांस आन् शिरा त्या व्रणाला चिकटून बसल्या, आता बोटं वढणार कोण, हलवत राहिला असता तर सुट्या राहिल्या असत्या. आपरेशन करू, पन पहिल्यासारका हात व्हईल असं म्हनत न्हाय. कुणी बांधला म्हनल्या. मी म्हनलं, मीच. मंग मलाच बोलल्या.

तुटलेल्या धाग्याला गाठ मारायची तर दोन हात लागत्यात. मुकादम म्हनला, बरा झाला की ये. त्याला बी कळतंय, मला बी. राग येतो ओ, लई येतो, भाकरी थापताना तर जास्तच, एका हातानं किती थापणार? घरधनी अजून आबांशी धड बोलत न्हाईत.

आबा येत्यात एस्टीनं. आले की तेल कोमट करून माजी बोटं एकेक उघडत बसत्यात. जीव जातो माजा. सुटतंय का गं, पुसत्यात. मी म्हनते, व्हय आबा, सुटतंय. त्यांनी सोडलं की बोटं आपली परत मिटत्यात.

परवा भाऊ सांगत व्हता, कोकराचा पाय मोडला तर आबांनी हात बी लावला न्हाय, जनावरांच्या डॉक्टरकडं न्या म्हनले आन् उठून गेले. तवा मला कळलं, त्यास्नी समदं ठावं हाय. तरी पुसत्यात. मी बी व्हय म्हनते. म्हातारं माणूस हाय, देवानं त्याला सुखानं न्यावं.