बैलाले घातलेली बंडी

— नाई, तू पुन्हा वाच ना. मोठ्यानं वाच. मले एकदा समजलं, पण मले तुह्या तोंडून आयकायचं हाय. 'निर्मिती — कृत्रिम बुद्धिमत्ता. साहाय्य — श्रीमती सईदा अय्युब, अचलपूर.' साहाय्य. म्हणजे मी काय केलं? पंख्यानं वारा घातला मशीनले? पाण्याचा ग्लास नेऊन देल्ला? बस, बस खाली, कुलदीप, उभ्यानं बोलू नको. अमरावतीहून एसटीत धक्के खात आला तू, चहा पेल्याशिवाय कोणी जात नाई आमच्या घरून, तूबी जाणार नाई. झेबा ठेवून राहिली चहा. पण चहा देते म्हणून बुढीचा राग उतरला असं समजू नको. उद्या तुमचं प्रदर्शन उघडते, माहं चित्र भिंतीवर लागते, अन् त्याच्या खाली हे कार्ड लागते — अन् ते मले आज दाखवते तू.

समितीनं ठरवलं? मंग समितीलेच विचार, त्यायले त्या चित्रात एवढं काय आवडलं. तूच सांगत होता फोनवर — काय भारी कल्पना सुचली मशीनले, दोन पांढरे बैल अन् दोघायच्याही अंगात फुलायची बंडी, गुंड्या लावलेली. सुचली? अरे बापा, त्याले काई सुचलं नाई. त्याले समजलं नाई. झेबानं, माह्या सुनेनं, तिच्या मोबाईलात ते लावून देल्लं, म्हणे अम्मी, हात चालत नाई तर तोंड तर चालते ना, बोला, ते काढते. मी बोलली — दोन बैल काढ अन् त्यायले बंडी लाव. आता आपल्या वऱ्हाडात बंडी म्हणजे काय? बैलगाडी. शेंबड्या पोट्ट्यालेबी माहीत हाय. पण ते मशीन शिकलं असन पुण्याकडच्या पुस्तकातून, त्याच्या लेखी बंडी म्हणजे बिनबाह्यायचं जाकीट. लावलं त्यानं बैलाच्या अंगाले. झेबा हसून हसून खाली बसली. म्हणे पुसून टाकू, अम्मी, आता 'बैलगाडी' म्हणा. मी म्हणलं, थांब.

चूक त्याची, कबूल. पण ठेवली कोणं? मी ठेवली. मी म्हणलं, गाडी तशीबी कोणाच्या वावरात राहिली नाई, ट्रॅक्टर आले सारीकडं, राहू दे हे जाकीटच — अन् मी बंडीच्या फळ्यायवर जे फुलं काढायची ते याच्यावर काढ. तर त्यानं काय काढलं? गुलाब. लग्नाच्या कार्डावर असते तसे. मी म्हणलं पऱ्हाटीचं फूल पायजे, कापसाचं, पिवळं, आतमधी बुडाशी लाल, सांजेले मिटते ते. त्यानं सूर्यफूल काढलं. मंग मी त्याच्याशी भांडली, किती दिवस भांडली ते झेबाले विचार — पाकळी अशी मुडप, देठ झुकव, बैलाचा डोळा असा भ्यालेला नको, पोळ्याच्या आधी खांदे शेकून देल्ल्यावर कसा निवांत असते, तसा कर. एक खरं, ते कुरकुरत नाई. पुन्हा काढ म्हणलं की काढते. आमच्या घरवाल्याले, अय्युबले, एवढ्यांदा म्हणलं असतं ना, ब्रश फेकून हॉटेलात जाऊन बसला असता.

— काय? मी म्हणलं 'मी काढायची'?

निघालं तोंडातून. झेबा, तू आत जाय, चहा पाय उतू जाईन. — आता निघालंच तर आयक. आपल्या भागातल्या कोणत्याही शंकरपटात, बैलायच्या शर्यतीत जाय, एखादी जुनी बंडी चांगली रंगवलेली दिसली का म्हातारे अजूनबी म्हणते, हा अय्युब पेंटरचा हात. हात माहा होता. बाजारात दुकानावर बाईनं बसायची रीत नव्हती आमच्यात, म्हणून तो फळ्या घरी आणे, आंगणात टाके, अन् मी फुलं काढायची, वेली काढायची, मोर काढायचा. अक्षरं तो घाले, अक्षर त्याचं लय सुंदर होतं, ते मी नाई म्हणत नाई. मंग खाली कोपऱ्यात लाल रंगानं — अय्युब पेंटर. अन् नंतर नंतर तेबी मीच लिहायची. त्याच्याच वळणात. त्याले घाई राहे ना, गिऱ्हाईक बसलं राहे. त्यानं कधी विचारलं नाई, मी कधी म्हणलं नाई. चांगला माणूस होता, कधी टाकून बोलला नाई, आता मातीत गेला, त्याच्यावर कायचा राग करू. पण येते राग, काय करू. त्याचा राग तुह्यावर निघून राहिला.

मंग लकवा मारला या उजव्या हाताले. मले वाटलं, संपलं सारं. अन् हे मशीन आलं तवा मनात म्हणलं — सईदा, आता मधात कोणी नाई. तू बोलशीन, चित्र होईन, अन् एक डाव तरी तुह्या नावानं भिंतीवर लागन. तर तुमी काय केलं? अय्युबच्या जागी मशीनले बसवलं, अन् मले परत आंगणात धाडलं. त्या मशीननं तर नाव मागितलंबी नाई, बिचाऱ्यानं. तुमीच देऊन राहिले. अन् मले देल्लं तेबी कसं, तर 'सईदा अय्युब' — त्यातबी अर्धं त्याचंच.

आण ते कार्ड इकडं. पालथं कर. पेन दे. त्या हातात नाई रे, तो हात मेला, डाव्या हातात दे. वाकडं होईन, होऊ दे, लोकायले दिसू दे वाकडं. मशीनचं लिहायचं तर खाली लिहा, मशीनशी भांडून काढलं म्हणा, मले चालते. पण वर एकच नाव. सईदा. बस. तू कार्ड धरून ठेव, हलू देऊ नको. हां. असं.

—

थांब.

हे पाय काय लिहिलं मी. 'अय्यु' —

झेबा, चहा आणू नको. नाई, काई झालं नाई मले. याले जाऊ दे. कुलदीप, उठ. दुसरं कोरं कार्ड घेऊन ये अन् मंगच ये. जाय म्हणलं ना.