शाळेतला निवडणुकीचा बल्ब

अडाणी माणसं विचार न करता मत देतात म्हणता? मग हे ऐका. पिशोरकडच्या आमच्या शाळेत लाइट नव्हती. अर्ज करून मी थकलो. निवडणूक आली, शाळेत मतदान केंद्र ठेवलं आणि एका दिवसात बल्ब लागले, पंखे फिरले. मतदान झालं, तसं सगळं काढून टेम्पोत घालून नेलं!

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या सखूबाई निवांत बघत होत्या. मी चिडून विचारलं, “मावशी, मत तरी कुणाला दिलं?”

“ज्याचं सरकार सालभरात पडंल, त्याला.”

“काहून?”

“म्हंजी परत निवडणूक, परत बल्ब! पाच वर्षं थांबायचं म्हणलं, गुरुजी, तर माझ्या नातीची सगळी शाळा अंधारातच व्हईल की!”