नियमाप्रमाणे सांगितलं होतं

बायकोला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आत पाठवून आजोबा पेपरामागून शेजारच्यांचं बोलणं ऐकत होते. काका विमान उडवायला शिकवणारे, पुतण्या शिकणारा.

“काका, उद्या एकट्याला उडू द्या ना!”

“काल दुसऱ्या विमानावर घालत होतास मला!”

“उतरतोय म्हणून रेडिओवर नियमाप्रमाणे सांगितलं होतं.”

“त्या धावपट्टीवर विमानांना सूचना देणारा टॉवर नाही. ऐकलं कोणी?”

“कोणी हरकत घेतली नाही.”

“अरे शहाण्या, त्या वैमानिकाकडे रेडिओच नव्हता! काचेबाहेर बघायला काय झालं होतं?”

“मग चूक त्याचीच की!”

“हो, पण हाडं तिघांची वेचावी लागली असती!”

“पुढचा पेशंट!” आतून हाक आली. पुतण्या ताडकन उठला आणि दारातून डोळ्याला पट्टी बांधून येणाऱ्या आजींवर धडकला.

“अहो, मला बोलावलं होतं!”

आजोबा आजींना सावरायला धावले.

“उद्याही मी शेजारी बसणार,” काका म्हणाले.