लाल मंजन

बुलढाण्याच्या एसटीत पुढच्या बाकावर दोघी शेजारणी बोलत होत्या.

"मंजू, तुया मालकाले काल डॉक्टरीणबाईनं काय विचारलं व?"

"रक्त पातळ करायची गोळी चालू हाये न त्याईची. बाई म्हणे, हिरड्यातून रक्त येते काय? हे म्हणे, नाही."

"मंग?"

"मंग म्हणे, दात कशानं घासता? हे म्हणे, लाल मंजनानं. बाई म्हणे, उद्या पांढऱ्या पेस्टनं घासा अन् थुंकी पाहा."

"तपासलं नाही?"

"तोंड उघडाच्या आंधी सांगतलं तिनं."

"अन् आज?"

"पांढऱ्या पेस्टनं घासलं तरी मोरीत लालच पडलं व."

"म्हणजे पह्यलेपासूनच येत होतं?"

"काय मालूम. रोज मीच त्याच्यावर पाणी टाकत होती."