दहा भाग समुद्राला

न्हाय साहेब, 'असू शकतं' एवढं म्हणून उठू नका. बसा. एष्टी वेळेवर आली तर म्या स्वतः तिच्यापुढं नारळ फोडीन. चहा घ्या, गुळाचा हाय — साखर आमच्याच जिल्ह्यात, ढोकीच्या कारखान्यात तयार होती, पण आमाला ती पाव्हण्यासारखी दिसती. तर काल तहसिलातलं पाऊस मोजायचं यंत्र बघून तुमी इथं टेकलात, आन् तुमीच म्हणलात न्हवं — पृथ्वीच्या पल्याड, पेरू देशाच्या अंगाला समुद्र तापला, मासळी नाहीशी झाली, आन् बहात्तरला आमचा मृग कोरडा गेला तो बी त्याच तापाचा गुण असू शकतो? तवापासनं डोकं ठिकाणावर न्हाय माझं. का? कारण त्यातलं अर्धं मला आधीच ठावं होतं. बार्शीच्या तेलगिरणीचा दलाल सांगून गेला होता — माणिकप्पा, तिकडच्या कोंबड्या-डुकरं सुक्या माशाचा भुगा खायची, आता मासा न्हाय, म्हणून त्यांना आपली शेंगदाण्याची पेंड लागती, बोटी भरून चालली. झालं. जनावरं छावणीत हाडाला चिकटली, आन् पेंड समुद्रावर. तवा म्या नुसत्या मासळीला शिव्या दिल्या. पाऊस येगळा, पेंड येगळी, असंच धरून चाललो. तुमी काल दोन्ही एका दाव्याला बांधलंत — एकाच समुद्रानं इकडून चारा नेला, तिकडून पेंड.

आन् त्याला कमी काय हाय, सांगा की. पाडव्याला पारावर जोशीबुवा पंचांग वाचतेत — पावसाचे दहा भाग समुद्रावर, सहा डोंगरावर, चार जमिनीवर. आमची आई, नीलम्मा, पदर तोंडाला लावून म्हणायची, ज्याच्या घरी रांजण भरलाय त्यालाच वाढा अजून. आमी हसायचो. आता हसू येत न्हाय. दहा भाग गिळून वर ह्यालाच ताप, आन् लंघन आमाला!

पण हे लोकांना सांगायचं कसं? चावडीवर पेरू देश म्हणलं तर एकजण म्हणला, आप्पा, आता जांभळाचा देश कुठं हाय ते बी सांगा. हसू दे. लोकांचं मला काय न्हाय — व्यापाऱ्याची कातडी जाड असती. पण बसप्पा हसला न्हाय. बसप्पा म्हंजे माझा धाकटा, सोनारीला शेती करतो. हरण्या आन् मोऱ्या, त्याची बैलजोडी, पोटच्या लेकरावाणी वाढवली. छावणीत संस्थेचं वाढं मिळतंय, उसाचे नुसते शेंडे — त्यावर बैल उभा ऱ्हातो, औत वढत न्हाय. म्या गुलाब गाडीवानाच्या गाडीतनं पेंडीच्या गोण्या धाडल्या. त्यानं भर छावणीत, चार माणसांत, गाडी माघारी वळवली. म्हणला, "साठेबाजाची पेंड माझे बैल खायचे न्हाईत." सख्खा भाऊ. कुणीतरी कान भरले, माणिकप्पानंच माल दाबला म्हणून भाव चढला. म्या मूठभर बी दाबली न्हवती साहेब, गळ्यातल्या लिंगाची आण.

काय? वास? ... पेंडीचाच हाय, दुसरा कशाचा असणार. त्याच गोण्या हायत आत. न्हाय, इकल्या न्हाईत. परवा गावातली कडूबाई गाय घेऊन दारात आली, म्या न्हाय म्हणलं — शिल्लक न्हाय म्हणलं. बसप्पा कवाबी फिरंल, तवा त्याच्या बैलाला काय घालू? ... असं बघू नका माझ्याकडं.

त्याची बायको, शांताक्का, रडत सांगून गेली, आज बाजारात जोडी काढणार हायत. आज बाजारात घेतंय कोण — कसाई. आमच्यात बैल दिला तरी दावं देत न्हाईत, ते माघारी आणून गोठ्यात टांगायचं, न्हायतर लक्ष्मी जाती. तिनं म्हणं खुंटी बी पुसून ठेवलीय. पण सोनारीहून बाजाराला ह्या फाट्यावरनंच जावं लागतं, मधी नदी आडवी हाय, पूल इकडंच हाय. म्हणून तर तुमाला धरून ठेवलंय. तो आला की तुमी एवढंच म्हणा — माणिकप्पानं न्हाय, समुद्रानं केलं. तुमी सरकारी माणूस, तुमचं ऐकंल. 'असू शकतं' तेवढं म्हणू नका. त्या शब्दावर कुणी बैल माघारी नेत न्हाय. मान हलवताय ती व्हय म्हणून का न्हाय म्हणून?

थांबा. ते कोण येतंय — बाजाराकडनं?

न्हाय, तो तर जायाचा हाय अजून. सकाळधरनं रस्ता सोडला न्हाय म्या... पायाला वाळू हाय त्याच्या. गुडघ्यापातूर वाळू.

नदीतनं गेला. नदीला पाणीच कुठं हाय.

दोन्ही दावी खांद्यावर हायत, साहेब.

ऱ्हाऊ द्या. आता काय बोलू नका त्याला. ती बघा, एष्टी आली तुमची. जावा. आन् जाता जाता आतलं दार तेवढं लोटून घ्या — वास रस्त्यावर जातोय.