उमेदवार बाईची शपथ

लेकरू मांडीवर निजलं होतं. बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर विधानसभेचा अर्ज भरून परतणारं एक जैन जोडपं बसलं होतं.

“राजमती, निवडणुकीच्या साहेबांसमोर शपथ घेताना ‘ईश्वरसाक्ष’ सोडून ‘गांभीर्यपूर्वक’ का म्हणालीस?”

“कागदावर दोन्ही हाय. जग चालवणारा ईश्वर आपल्या धर्मात न्हाय. तुमास्नी ठाव हाय की!”

“मला हाय, मतदाराला न्हाय. विरोधक बोंबलतील, बाईला देवच न्हाय म्हणून.”

“बोंबलू देत. मी रोज बस्तीत भगवंतांच्या दर्शनाला जाते.”

“मग तिथं तरी निवडून यायचं मागून घे.”

“भगवंतांकडं आजवर काय मागितलं न्हाय. आता मतं मागू व्हय?”

“हे सभेत बोलशील?”

“बोलीन की. तुमी शेजारी हुबं ऱ्हाणार न्हवं?”

“नुसतं हुबं कशाला? माईक मीच धरतो.”